बारावीनंतर जागा होणारा समाज

दरवर्षी 'नीट'चा निकाल लागला की आमच्या नसरापूरच्या चेलाडी फाट्यावर एक दृश्य हमखास दिसते. काखेत प्लॅस्टिकची पिशवी धरलेला एखादा बाप आणि त्याच्यामागे ओढणी सावरत उभी असलेली त्याची मुलगी पुण्याच्या एसटीची वाट पाहत असतात. पिशवीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड आणि आधारकार्डाच्या झेरॉक्स असतात. कुणीतरी सांगितलेले असते, की पुण्यात अमुक एक माणूस आहे, तो 'काम करून देतो'. संध्याकाळी दोघे परत येतात. बाप म्हणतो, "पैसा लई मांगते." मुलगी काही बोलत नाही. मग गल्लीत आमच्या समाजाचे आवडते वाक्य ऐकू येते, "अपने नसीब में नई था."

नसिबाच्या नावावर आणखी किती काळ आपण आपला गाफीलपणा खपवणार आहोत? आमचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या पोरींचा पांढरा कोट 'नीट'च्या परीक्षागृहात हरवत नाही. तो त्याच्या पाच वर्षे आधी हरवतो. तो शाळेच्या रजिस्टरात हरवतो, आपल्या घराच्या जमाखर्चात हरवतो आणि आपल्या जिभेवर हरवतो. जुलैमध्ये पुण्याला गेलेला बाप हरवून बसलेली वस्तू शोधायला गेलेला असतो.

आमच्याच गल्लीतली गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कारण ती मुलगी आता दुसऱ्याच्या घरची सून आहे. बाप बांगड्या विकणारा. नसरापूरचा बाजार, भोरचा बाजार, वेल्ह्याकडच्या गावांच्या जत्रा, अशी त्याची फिरती. पोरगी मराठी शाळेत शिकली, दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गेली. गावात पेढे वाटले. मशिदीत नमाजनंतर अभिनंदन झाले. आम्हीही दोन शब्द बोललो, पाचशे रुपयांचे पाकीट दिले आणि कर्तव्य संपले असे समजून घरी आलो.

दोन वर्षांनी तिने 'नीट' दिली. गुण एमबीबीएसला पुरेसे नव्हते, पण आयुर्वेदाच्या शासकीय जागेसाठी ओबीसीच्या यादीतून आशा धरावी इतके होते. खुल्या यादीतून मुळीच आशा नव्हती. बाप मणियार. मणियार ही जमात महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहे. पण पोरीच्या दाखल्यावर, बापाच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात एकच शब्द : 'मुसलमान'. जातीचा दाखला नाही, तर पडताळणी कुठली? ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, हे बापाला प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्यावर कळले. धावपळ झाली. फेऱ्या संपल्या. आणि मग, सप्टेंबरच्या शेवटी, वेल्हे खोऱ्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात १९५८ सालची नोंद सापडली. तिच्या आजोबांचे नाव आणि पुढे स्वच्छ अक्षरात 'मणियार'. नसरापूरपासून जेमतेम तासाभराचा रस्ता. साठ वर्षे ते रजिस्टर तिथल्या कपाटात पडून होते.

पोरीने आम्हाला एकच प्रश्न विचारला. "चाचा, कागज तो इधरच था ना? फिर कोई गया कायको नई?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. त्या डिसेंबरात तिचे लग्न झाले.

आता आपण कागदांविषयी बोलू, कारण भाषणांत कागदांविषयी कुणी बोलत नाही. शिक्षणावरचे भाषण 'इक्रा'पासून सुरू होते आणि मौलाना आझादांपाशी संपते. मधे जातपडताळणी कुठेच येत नाही. उलट कुणी विषय काढलाच, तर एखादे हाजीसाब सुनावतात, "इस्लाम में जात-पात नई है." बरोबर आहे, नाही. पण सरकार जी गोष्ट मोजते ती धर्मातली जात नव्हे. धंद्यावरून आणि गरिबीवरून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले मागासलेपण आहे. तांबोळी, मणियार, अत्तार, बागवान, पिंजारी, मुलाणी, मोमीन यांचे हातावरचे पोट हे काय धर्मग्रंथात लिहिले आहे? जालन्याचे शब्बीर अहमद अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी करून हेच महाराष्ट्रभर समजावून सांगितले. दिलीपकुमारांसारखा माणूस त्यांच्या व्यासपीठावर जाऊन बसला. ती चळवळ आमच्या गल्लीपर्यंत पोहोचली नाही, हा दोष चळवळीचा नाही.

ओबीसींना राज्यात १९ टक्के जागा आहेत. जे शेख, सय्यद, पठाण कुठल्याच आरक्षित यादीत बसत नाहीत आणि ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी २०१९पासून आर्थिक दुर्बलांचे १० टक्के आहेत. तो दाखला तहसीलमधून मिळतो. किती घरांत तो आहे? शिवाय २०२४-२५पासून ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरते. अभिमत विद्यापीठांत आणि व्यवस्थापन कोट्यात ही सवलत नाही. म्हणजे ज्या कागदाला आपण 'सरकारी झंझट' म्हणून टाळतो, त्या एका कागदाची किंमत आज काही लाख रुपये आहे. फाट्यावरचा तो 'काम करून देणारा' माणूस तेवढेच लाख मागत असतो.

आणखी दोन गोष्टी. पहिली नावाची. दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शैख', गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव आधी आणि बँकेच्या पुस्तकात नंतर. इंग्रजी स्पेलिंग तर घरातल्या प्रत्येकाचे वेगळे. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी हे दुरुस्त होते. नंतर राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि चपला झिजवणे. दुसरी गोष्ट मुलांना बाहेर पाठवण्याची. बिदरच्या शाहीन संस्थेचे नाव आता आपल्याकडेही पोहोचले आहे. अब्दुल कदीर यांनी १९८९मध्ये लहानशी सुरुवात करून हे काम वाढवले आणि कुराण पाठ केलेल्या हाफिज मुलांनाही वैद्यकीय प्रवेशापर्यंत नेले, ही अभिमानाचीच बाब आहे. पण हौसेने पोराला अकरावी-बारावीलाच कर्नाटकात घालणाऱ्या बापाने एक नियम आधी वाचावा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून एमबीबीएसला जायचे, तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण व्हावी लागते. बाहेर जायचेच असेल, तर बारावी इथे करून मग तयारीच्या वर्षासाठी जा. एवढे न विचारता आपण बिछाना बांधून मोकळे होतो.

अभ्यासाचेही असेच. 'नीट'ला ७२० गुण. त्यांतले निम्मे, ३६०, एकट्या जीवशास्त्राचे. उरलेले निम्मे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांत वाटलेले. चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. निम्मा अभ्यासक्रम अकरावीचा. आणि आपल्याकडे अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष! दहावीचा थकवा काढायचा, भावाच्या लग्नात नाचायचे, बारावीला बघू. ग्रामीण पोरांना भौतिकशास्त्र जड जाते, ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. सातवी-आठवीत अपूर्णांक, गुणोत्तर आणि घातांक कच्चे राहिले, आणि ते कच्चे आहेत हे सांगणारे घरात कुणी नव्हते, म्हणून. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते. २०१८पासून उर्दूतही मिळते. पण तयारीची चांगली पुस्तके बहुतेक इंग्रजीत. तेव्हा आठवीपासून विज्ञानाचे इंग्रजी शब्द मराठी शब्दांच्या शेजारी लिहीत गेले पाहिजेत. एनसीईआरटीची पुस्तके मोबाइलवर फुकट उतरवून घेता येतात. ज्या मोबाइलवर आपला पोरगा रात्री एकपर्यंत रील बघतो, त्याच मोबाइलवर.

आणि बसायला जागा? दोन खोल्यांच्या घरात सात माणसे, टीव्ही चालू, पाहुणे आलेले. मशिदीला लागून बांधलेला हॉल मात्र दोन नमाजांमध्ये रिकामा. आम्ही एकदा सुचवले, की संध्याकाळी तीन तास तो मुलांना अभ्यासाला द्या, मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा. उत्तर मिळाले, "लाइट बिल कौन भरेगा?" उरुसाच्या रोषणाईचे बिल कोण भरतो, हे आम्ही विचारले नाही. आज विचारतो.

आता पैशाचे. आपण गरीब आहोत हे खरेच आहे. सच्चर समितीने २००६ साली ते देशासमोर मांडले. २००१च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६५.१ टक्के होती, तेव्हा मुसलमानांची ५९.१ टक्के होती. शासनाने काय केले तेही आम्ही विसरलेलो नाही. जुलै २०१४मध्ये महाराष्ट्रात मुसलमानांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातले चालू ठेवायला हरकत घेतली नाही. तरी नव्या सरकारने कायदा केला नाही आणि डिसेंबरात अध्यादेश आपोआप मेला. २०२२मध्ये केंद्राने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद केली. हा अन्याय आहे. त्याविरुद्ध बोलले पाहिजे, मोर्चे काढले पाहिजेत, मतपेटीतूनही उत्तर दिले पाहिजे. पण सरकारशी भांडण चालू आहे म्हणून घरातला हिशेब तपासायचा नाही, असे थोडेच आहे?

त्या बांगडीवाल्याच्या मुलीच्या लग्नात चार लाख रुपये खर्च झाले. हे आम्हाला पक्के माहीत आहे, कारण पन्नास हजार आमच्याकडूनच उसने गेले. बिर्याणीच्या देगा किती चढल्या ते गावाने मोजले. फर्निचर टेम्पोतून गेले ते गावाने पाहिले. शासकीय महाविद्यालयातली एमबीबीएसची फी साधारण दीड लाखाच्या आसपास असते, तीही सवलत नसेल तर. नर्सिंगचा खर्च शासकीय संस्थेत त्याहून कितीतरी कमी. चार लाख आपल्याकडे होते! फक्त ते एका दिवसासाठी होते, चार वर्षांसाठी नव्हते.

यावर कुणी म्हणेल, मग शैक्षणिक कर्ज का काढले नाही? तिथे आपल्याला अचानक दीन आठवतो. "सूद हराम है." बरोबर, आम्हीही मानतो. पण लग्नासाठी सोने गहाण ठेवून पतपेढीकडून पैसे आणले, तेव्हा ते व्याज हलाल होते काय? टेम्पोचा हप्ता, फ्रीजचा हप्ता, मोबाइलचा हप्ता, यांत व्याज नसते काय? मुलीच्या फीपाशीच शरीयत का आडवी येते? ज्यांना व्याज खरोखरच नको, त्यांच्यासाठी कर्ज-ए-हसना आहे. बिनव्याजी द्यायचे, पोरीला नोकरी लागली की तिने मुद्दल परत करायचे, ते पुढच्या पोरीला जायचे. हिशेब सोपा आहे. पन्नास घरांनी महिन्याला २०० रुपये दिले, तर महिन्याचे १० हजार आणि वर्षाचे १ लाख २० हजार होतात. एका घराने पोर आठवीत गेल्यापासून महिन्याला ५०० रुपये बाजूला ठेवले, तर बारावीपर्यंत ३० हजार होतात. अर्ज, परीक्षा, पुस्तके, पुण्याचे हेलपाटे आणि वसतिगृहाची अनामत यांत सुटते. रमजानमध्ये दूरदूरची पावतीपुस्तके आपल्या दारात येतात आणि आपण जकात काढून देतो. द्यावी. पण जकातीवर पहिला हक्क जवळच्या गरजूचा आहे, हे आपल्याला लहानपणी शिकवलेले नाही का? शेजारच्या गल्लीत फीवाचून बसलेली पोर तेव्हा कुणाच्या पावतीपुस्तकात असते?

इथून पुण्याच्या वाटेवर खेड-शिवापूरला कमरअली दरवेशांचा दर्गा आहे. तिथला जड दगड अकरा जणांनी एकेक बोट लावून, एका दमात नाव घेतले की उचलला जातो. आपण सगळ्यांनी कधी ना कधी बोट लावले आहे. दगड उचलायला अकरा जण लगेच जमतात. पोरीची फी उचलायला अकरा बोटे का जमू नयेत?

आता जिभेविषयी, आणि इथे आम्हाला सर्वांत जास्त राग आहे. डॉक्टरकी जमली नाही तेव्हा आम्ही त्या बापाला सुचवले, की पोरीला नर्सिंगला घाला. बी.एस्सी. नर्सिंगची राज्याची स्वतंत्र सीईटी आता होते. ते जमले नाही, तर जीएनएम आहे, तीन वर्षांचा. त्याला बारावीची विज्ञान शाखाच पाहिजे असेही नाही. शासकीय सेवेतल्या परिचारिकेचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या मुलींना समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून गावच्या उपकेंद्रातही नेमतात. वेल्ह्याच्या डोंगरातल्या बाईला बाळंतपणाच्या आधी-नंतर हात लावायला कुणी तरी लागतेच ना? बाप विचारात पडला होता. पण घरात बसलेल्या खाला म्हणाल्या, "नर्स? रात की ड्यूटी? पराये मर्दां को हात लगाना? फिर रिश्ता कौन देगा?" विषय संपला.

डॉक्टरही परक्या पुरुषाला हात लावते. डॉक्टरही रात्रपाळी करते. मग डॉक्टर झाली की अभिमान आणि नर्स झाली की बदनामी, हे कसे? फरक दीनाचा नाही, दर्जाचा आहे. आपल्याला सेवा नको आहे, नावापुढची पाटी हवी आहे.

दीनचीच साक्ष काढायची असेल, तर काढू या. रुफैदा अल-अस्लमिया या मदिनेच्या बाई. पैगंबरांच्या काळात त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. खंदकाच्या लढाईत, इ.स. ६२७मध्ये, साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना मशिदीजवळच्या रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितले, अशी नोंद परंपरेत आहे. ज्या मशिदीच्या अंगणात शुश्रूषेचा तंबू उभा राहिला, त्या परंपरेचे वारस आपण, आणि आपल्याला नर्सची लाज वाटते! फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धात गेल्या त्या १८५४मध्ये, म्हणजे बारा शतकांनंतर.

केरळकडे पाहा. तिथल्या गरीब ख्रिस्ती घरांनी मुलींना नर्सिंगला घातले. त्या मुली पुण्यात आल्या, मुंबईत गेल्या, पुढे सौदीत, कुवेतमध्ये, दुबईत गेल्या. घरे बांधली, धाकट्या भावंडांना शिकवले. आपले हाजीसाब सौदीत आजारी पडले, तर त्यांच्या हाताला सुई लावायला येणारी बाई केरळची असू शकते. तिच्यासाठी ते दुआ करतात. नसरापूरला परतले, की सांगतात, आपल्या पोरींनी हे काम करू नये.

आणि डॉक्टर व्हायचेच असेल, तर नागपूरच्या झुलेखा दाऊद यांचे उदाहरण समोर ठेवा. साध्या कष्टकऱ्याची मुलगी, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, १९६४मध्ये आखातात गेली. तिथे हजारो बाळंतपणे केली आणि १९९२मध्ये शारजात स्वतःचे रुग्णालय उभे केले. त्या काळी ना शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती होत्या, ना क्लासचे फलक. घरच्यांनी शिकू दिले, हीच मोठी गोष्ट होती.

उलट आज आपल्यातले पैसेवाले काय करतात? मुलाला गुण नाहीत, तर एजंटाच्या नादाने किर्गिझस्तान, रशिया, फिलिपाइन्स. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा तळघरांत अडकलेली मुले साऱ्या देशाने पाहिली. परत आल्यावर इथली परवाना परीक्षा द्यावी लागते. अलीकडच्या अनेक सत्रांत तिला बसलेल्या पाचांपैकी जेमतेम एक उत्तीर्ण झाला आहे. परदेशी जायलाही 'नीट' पात्र व्हावीच लागते. जमीन विकून पाठवणाऱ्या बापाला एजंट हे सगळे सांगत नाही, आणि बापही विचारत नाही. विचारायची सवयच आपल्याला नाही.

आम्ही कुणी मोठे विद्वान नाही. पाचशेचे पाकीट देऊन घरी गेलेल्यांपैकीच एक आहोत, म्हणून हे लिहिण्याचा हक्क थोडा कमी आणि गरज थोडी जास्त आहे. त्या मुलीची धाकटी बहीण आता नववीत आहे. आजोबांचा १९५८चा उतारा लॅमिनेशन करून घरात ठेवला आहे. बापाचा जातीचा दाखला निघाला, पोरीचाही निघाला; अकरावीत विज्ञान घेतले, की कॉलेजमार्फत पडताळणीचा अर्ज जाईल. बापाने पोस्टात महिन्याला पाचशेचे खाते उघडले आहे. तो आता बाजारात बांगड्या विकताना इतर मणियारांना विचारतो, "तुम्हारे दादा कौनसे स्कूल में थे?" आमच्या मते गेल्या दहा वर्षांत या गावात झालेले हे सर्वांत मोठे भाषण आहे.

तेव्हा वाचकहो, हे लिखाण आवडले तर आम्हाला पत्र पाठवू नका. येत्या जुम्म्याला नमाज झाल्यावर पाच मिनिटे थांबा. ज्यांची मुले-मुली सातवी ते दहावीत आहेत, त्यांनी शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स आणावी. एकाने वही धरावी. मुलाचे नाव, जातीच्या रकान्यात काय आहे, आजोबा कुठे शिकले, दाखला आहे की नाही, एवढेच लिहावे. ज्यांच्या आजोबांची शाळा माहीत आहे, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, शाळा उघडी असताना, तिथे जाऊन यावे. आणि घरी गेल्यावर खालाजानना सांगावे, की रुफैदांनाही रिश्ता आलाच असेल.